केडलस्टन हॉल : लॉर्ड कर्झनच्या घरी

लॉर्ड कर्झन म्हटलं की बंगालची फाळणी, आणि तिथेच आपली शाळेतली उजळणी संपते. इंग्लंडमध्ये डर्बीला चार दिवस मुक्काम होता, म्हणून त्याचं घर पाहून आले. गावापासून साधारण आठ किलोमीटर. बसच्या भरवशावर जाऊ नका, टॅक्सी करा आणि परतीचीही तेव्हाच ठरवून ठेवा. मी ठरवली नव्हती. फाटकाशी पाऊण तास ताटकळले.

समोरून पाहताच वाटलं, हे आपण कुठेतरी पाहिलंय. कोलकात्याचं राजभवन (आताचं लोकभवन)! गव्हर्नर जनरल वेलस्लीने ते १८०३ साली पुरं केलं, ते याच घराच्या आराखड्यावर बेतून. पुढे व्हाइसरॉय राहत ते तिथेच. म्हणजे १८९९ मध्ये, चाळिशीला पाच दिवस उरले असताना व्हाइसरॉय झालेला कर्झन घरातून निघून घरातच पोचला की!

वरच्या संगमरवरी दालनात वीस खांब आहेत, पण वेळ राखून ठेवा तो तळमजल्यावरच्या पौर्वात्य संग्रहासाठी. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या नाचाला लेडी कर्झनने घातलेला मोरपिशी झगा इथे आहे. जरीकाम आपल्याकडच्या कारागिरांचं, शिलाई पॅरिसची, वजन साडेचार किलोच्या आसपास. त्याआधी दोन-तीन वर्षांपूर्वीच देशात भीषण दुष्काळ पडून गेला होता. बनारसच्या १९०५ च्या काँग्रेस अधिवेशनात गोखल्यांनी या माणसाच्या कारभाराची तुलना औरंगजेबाशी केली, ती उगाच नाही. गोखल्यांसारखा मवाळ माणूस, बरं का!

आणि तरी, जुन्या वास्तू जपण्याचा १९०४ चा कायदाही याचाच. मला हा माणूस काही एका खणात ठेवता येईना. कोवळ्या वयात पाठ दुखावल्यामुळे जन्मभर पट्टा बांधून वावरला. लोकांना तो ताठा वाटे. (ताठा होताच म्हणा.) १९२३ मध्ये राजाच्या सचिवाची तार आली, तेव्हा पंतप्रधानपद मिळणार या खात्रीने लंडनला धावला. पद गेलं बाल्डविनकडे. कर्झन उमरावांच्या सभागृहात बसणारा, हे त्याच्या आड आलेल्या कारणांपैकी एक.

घराला लागूनच चर्च आहे, ते चुकवू नका. त्याची वेळ घरापेक्षा वेगळी असू शकते. निघण्यापूर्वी दोन्हींच्या वेळा बघा. बागेत चिखल असतो, तेव्हा बूट जुनेच घाला. चर्चच्या आत मेरी, म्हणजे लेडी कर्झन, आणि कर्झन शेजारी शेजारी पहुडलेले, पांढऱ्याशुभ्र संगमरवरात. ती १९०६ मध्ये गेली, तो १९२५ मध्ये. मी गेले तेव्हा तिथे दुसरं कुणीच नव्हतं.