गोठलेल्या तळ्यावरच्या दोन पहाटा

मागच्या आठवड्यात बर्फातले फोटो काढायला जाऊन आले. डोंगराच्या पायथ्याशी गोठलेलं तळं, पलीकडे सूचिपर्णी झाडांचं जंगल आणि पहाटे उणे १२. आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी हे फोटो कसे काढले ते विचारलं म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितेय, आणि फक्त चांगले आलेले फोटो टाकून गप्प बसायचं नाही हे निघतानाच ठरवलं होतं, कारण मला आज जे काही थोडंफार येतं ते तुम्ही लोकांनी तुमचे फसलेले फोटो दाखवलेत म्हणून येतं.

पहिल्या दिवशी उशीर झाला. मुक्कामापासून तळं दोनेक किलोमीटर, मी अर्धा तास धरला होता, पण रात्री ताजा बर्फ पडलेला, प्रत्येक पावलाला पाय घोट्याच्या वर आत जायचा आणि सव्वा तास लागला. पोचले तेव्हा आभाळ गुलाबी व्हायला लागलेलं. सूर्योदयाआधीचा तो निळा उजेड, सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ६ अंशांवर असतो तेव्हाचा, तो गेलाच हातचा. बर्फावर तो इतका सुंदर दिसतो ना, सावलीच नसते, सगळं एकाच निळ्यात बुडालेलं. तेव्हा ताज्या बर्फातून जाणार असाल तर नेहमीच्या दुप्पट नाही, तिप्पट वेळ धरा.

मग घाईघाईत जे काढलं ते सगळं करडं आलं. स्क्रीनवर तेव्हा बरं वाटत होतं, कारण आजूबाजूला अंधार होता आणि अंधारात कॅमेऱ्याचा स्क्रीन जास्तच उजळ दिसतो. दुपारी नीट बघितलं तर बर्फ ओल्या सिमेंटच्या रंगाचा. त्यातला एक फोटो जसाच्या तसा ग्रुपवर टाकला आणि विचारलं, माझं काय चुकतंय? काकांचं (सगळेच त्यांना काका म्हणतो) दहा मिनिटांत उत्तर, "अगं, कॅमेऱ्याला काय माहीत समोर बर्फ आहे ते! त्याला जे दाखवशील ते तो मधल्या करड्यावर आणून ठेवणार. तू सांग त्याला की हे पांढरं आहे." म्हणजे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन वाढव, कॅमेरा स्वतः ठरवतो त्यापेक्षा फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची ती सेटिंग. हे मी वाचलेलं होतं हो, पण वाचलेलं वेगळं आणि स्वतःच्या करड्या फोटोखाली कोणीतरी न रागावता समजावून सांगणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला निघाले. कॉम्पेन्सेशन ढगाळ उजेडात +१, ऊन आल्यावर +१.३, आणि फ्रेमभर नुसता उन्हातला बर्फ असेल तिथे +१.७ पर्यंत गेले. आकडा पाठ करू नका, हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत गडद (डावीकडे) ते उजळ (उजवीकडे) किती आहे ते दाखवणारा स्क्रीनवरचा आलेख, त्यातला उंचवटा उजवीकडे सरकलेला हवा पण उजव्या भिंतीला चिकटता कामा नये, कारण एकदा पांढरं जळलं, म्हणजे नुसतं कोरं पांढरं झालं, की बर्फाचा पोत गेला, तो नंतर एडिटिंगमध्ये परत येत नाही. रॉमध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, एडिटिंगला जास्त वाव राहतो. फोनवाल्यांनी बर्फावर बोट टेकवून धरायचं, फोकस लॉक झाला की ब्राइटनेस थोडा वर ओढायचा, तेवढ्याने पण खूप फरक पडतो, खरंच करून बघा.

व्हाइट बॅलन्सवरून, म्हणजे फोटोतला पांढरा किती निळसर किंवा पिवळसर ठेवायचा त्यावरून, आमच्यात चर्चा झाली ती पण सांगते. एक ताई म्हणाल्या सावल्या फार निळ्या आहेत, दुरुस्त कर. मी करून बघितलं आणि परत फिरवलं, कारण सावलीतल्या बर्फावर सूर्याचा नाही, निळ्या आभाळाचा उजेड पडतो, तो निळा खराच असतो. सगळं पांढरंशुभ्र केलं की थंडी निघून जाते फोटोतून. ताईंना अजून पटलेलं नाही, आणि त्यांच्या फोटोत त्यांचं म्हणणं छान दिसतं हेही खरं.

पावलांचं मात्र आधी ठरवा. फ्रेम कुठून घ्यायची ते लांबूनच बघा, मग कडेकडेने जा, एकदा मधून चालत गेलात की तो बर्फ पुढचा हिमवर्षाव होईपर्यंत तुमच्याच पावलांचा. शिवाय तुमच्यामागून येणाऱ्यालाही कोरा बर्फ मिळायला हवा ना.

ट्रिपमधली माझी सगळ्यात आवडती वीस मिनिटं तळ्याच्या काठावरच्या एका लव्हाळ्याच्या काडीपाशी गेली. रात्र निरभ्र आणि वारा अजिबात नाही, अशा वेळी हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फ होऊन बसते, त्या काडीवर एका बाजूने सुया उगवल्यासारख्या, प्रत्येक सुईला परत बारीक पिसं. मी वाकून बघायला गेले आणि माझ्या श्वासाने टोकाच्या चारपाच सुया डोळ्यांदेखत विरघळल्या. तेव्हापासून मफलर नाकावर आणि श्वास बाजूला. अमेरिकेतल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने १५ जानेवारी १८८५ ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचा पहिला फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात असे ५,००० हून जास्त काढले. त्या काडीसमोर गुडघे टेकून बसल्यावर हे वेड कसं लागत असेल ते कळलं. ऊन काडीवर पोचलं आणि बघता बघता सगळं गळून गेलं, त्यामुळे क्लोजअप आधी घ्या, डोंगर कुठे जात नाही.

बॅटऱ्या तीन नेल्या होत्या, दोन कायम आतल्या खिशात अंगाला लागून. थंडीत बॅटरी भराभर उतरते, पण संपली असं दाखवलं तरी टाकू नका, खिशात गरम केली की अजून बरेच फोटो देते. हातमोजे दोन, आत पातळ आणि वर जाड, धातूच्या ट्रायपॉडला उघडा हात लावू नका. ट्रायपॉडचे पाय बर्फात दाबताना आधी थोडे कमी फाकवा, नाहीतर खाली जाताना ते अजून फाकतात आणि सांध्यावर ताण येतो. लेन्सवर बर्फ पडला तर तोंडाने फुंकू नका, वाफ धरून गोठते, ब्लोअर (दाबून हवा मारायचा रबरी फुगा) किंवा ब्रश वापरा. आणि खोलीत शिरायच्या आधी, बाहेरच असताना, कॅमेरा झिपवाल्या पिशवीत बंद करा, मग आत दोनेक तास तसाच राहू द्या, म्हणजे बाष्प पिशवीवर बसेल, कॅमेऱ्याच्या आत नाही. मेमरी कार्ड त्याआधीच काढून घ्या, फोटो बघायचा धीर निघत नाही, मला माहितीये.

एक गोष्ट मनापासून सांगते. फोटोसाठी तळ्यावर चालत जाऊ नका. चालायला निदान १० सेंटीमीटर स्वच्छ, घट्ट बर्फ लागतो, पांढरा दुधट असेल तर त्याच्या दुप्पट, आणि जिथे ओढा येऊन मिळतो तिथे तो पातळच असतो. वर बर्फाची चादर असेल तर खालचा थर हळू जाड होतो आणि वरून काहीच कळत नाही. मला मधल्या एका खडकापर्यंत जायचा फार मोह झाला, नाही गेले. काठावरूनच टेलीने (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने) घेतला आणि तोच फोटो तुम्हाला सगळ्यात जास्त आवडला.

शेअर करताना कॅमेऱ्याची सेटिंग्ज (आयएसओ, शटर, अ‍ॅपर्चर, कॉम्पेन्सेशन), वेळ आणि तापमान एवढं लिहाच, नवीन माणसाला त्यातूनच धागा मिळतो. कसा आहे असं विचारलं की छान आहे एवढंच येतं, त्यापेक्षा डावीकडचं झाड ठेवू की कापू असं विचारा, लोक वेळ काढून सांगतात. फोनचा ब्राइटनेस मध्यावर ठेवून एकदा बघून घ्या, फुल ब्राइटनेसवर करडा बर्फही पांढरा दिसतो. नाजूक जागा असेल तर नेमकं ठिकाण टाकू नका. मी पण तळ्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मला वेगळं विचारा, रस्ता, मुक्काम, सगळं सांगते.

तो करडा फोटो मी काढून टाकलेला नाही, चांगल्या फोटोच्या शेजारीच ठेवलाय, दोन्हीचे आकडे लिहून. परवा एका नवीन मुलीने तसाच करडा बर्फ टाकला आणि माझ्या आधी तिघांनी तिला +१ करून बघ म्हणून सांगितलं होतं. काल तिचा दुसरा फोटो आला. कुंपणाची तार, तारेवर बोटभर बर्फ, मागे धुकं. बर्फ पांढरा.