‘ने’चा नियम मुलांनीच शोधावा

मराठी माध्यमाच्या शाळेत संयुक्त हिंदी-संस्कृत घेणाऱ्या मुलांना ५० गुणांचे हिंदी आणि ५० गुणांचे संस्कृत असते. दहावीच्या दप्तरात ‘लोकवाणी’ हे हिंदीचे आणि ‘आनन्दः’ हे संस्कृतचे पाठ्यपुस्तक शेजारी असतात. वर्गात मात्र या भाषांची सहसा गाठ पडत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, त्यांचे व्याकरण एकत्र, मुलांच्या मराठीला साक्षीला ठेवून, चर्चेतूनच शिकवावे.

हिंदीच्या भूतकाळात कर्त्याला लागणारा ‘ने’ घ्या. आपली मुले हमखास ‘मैं आम खाया’ लिहितात. लाल शाईने ‘मैंने’ केल्यावरही पुढच्या वाक्यात तीच चूक होते. म्हणून मी फळ्यावर तीन ओळी लिहिते : ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’, ‘मैंने आम खाया, मैंने रोटी खाई’, ‘मया आम्रं खादितम्, मया रोटिका खादिता’. मग एवढेच विचारते, की क्रियापद कोणाप्रमाणे बदलते. येथे शिक्षकाने गप्प राहणे फार महत्त्वाचे. चुकीची उत्तरेही न पुसता फळ्यावर राहू द्यावीत, कारण ती खोडून काढण्याच्या वादातच कोणीतरी ‘कर्माप्रमाणे’ म्हणते आणि मराठीच्या तासाला शिकलेला कर्मणी प्रयोग सर्वांना आठवतो. ‘मया’ ही तृतीया आहे, हे पाठांतरामुळे मुलांना ठाऊकच असते. ‘त्याने’, ‘तिने’ म्हणणारे आपण ‘मी’ आणि ‘तू’ यांना मात्र ‘ने’ लावत नाही, म्हणून हिंदीत तो सुटतो, हे कारणही तीच शोधतात.

नियम सापडला की त्याला धक्का देणारा प्रश्न येतोच : “बाई, मग ‘मैं आम लाया’ कसे चालते?” असा प्रश्न अपवादांच्या यादीत ढकलू नये. ‘लाना’ हे ‘ले आना’ यापासून आले आहे आणि ‘आना’ अकर्मक आहे, एवढा धागा दिला की पुढचे मुले स्वतः जुळवतात : अकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला सहसा ‘ने’ लागत नाही.

त्यानंतर मी ‘मैंने लड़की को देखा’ हे वाक्य देते. ‘को’ येताच क्रियापद कर्माला सोडते. मराठीतही ‘मी मुलीला पाहिले’ असेच होते, पण संस्कृतात ‘मया बालिका दृष्टा’. या फरकावर तास अपुरा पडतो.