पहाटे पावणेसहाचा फोन

सोमवार, रात्रीचे साडेअकरा. पाऊस सुरूच आहे.

आज विम्याची पावती शोधत होतो, कपाटाच्या खालच्या कप्प्यात 2021 ची हिशेबाची वही हाताला लागली. मधल्या एका पानावर 1 ते 26 नंबर घातलेत आणि समोर दोन रांगांत आकडे. एका रांगेवर "मी", शेजारच्या रांगेवर "आप्पा". पावती राहिली बाजूला, तिथंच फरशीवर बसलो आणि सगळं पान दोनदा वाचलं.

भाची तेव्हा शिवाजी विद्यापीठात मानसशास्त्राचं एम.ए. करत होती. कॉलेज सगळं मोबाईलवरच, प्रोजेक्टपण मोबाईलवरच. जून महिना होता, बाकी महाराष्ट्रातले कोरोनाचे आकडे उतरायला लागलेले आणि आमच्या कोल्हापूरचे काही केल्या उतरेनात, ते दिवस. तिचा फोन आला, "मामा, तासभर वेळ दे, तुझी आणि आजोबांची प्रश्नावली भरून घ्यायची आहे." जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म, 26 प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच मार्क द्यायचे, आणि उत्तर फक्त गेल्या दोन आठवड्यांचं धरून द्यायचं. तब्येत, मन, माणसं आणि आजूबाजूची परिस्थिती अशा चार बाजूंनी माणूस कसा जगतोय ते बघायचं असतं म्हणे. ती स्पीकरवर प्रश्न वाचायची, आम्ही आकडा सांगायचो, तिच्याकडं लिहून होत होतं तरी मी आपला सवयीनं वहीत मांडत गेलो.

माझी रांग बघून आज पोटात कालवलं. झोपेपुढं एक. आयुष्यात आनंद किती वाटतो, दोन. पैसा गरजेपुरता आहे का, दोन, कारण मी ज्या वर्कशॉपचे हिशेब बघतो तिथं आदल्या वर्षी तीन महिने अर्धाच पगार झाला होता आणि ती उधारी अजून फिटली नव्हती. "तुम्हाला इकडंतिकडं कितपत फिरता येतं?" हा प्रश्न वाचून भाची स्वतःच थांबली. मी म्हटलं, बाळ, गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधल्यात, ह्याला काय लिहू सांग तूच. ती म्हणाली, लिही मामा जे वाटतंय ते. एक लिहिला.

आणि आप्पांची रांग. वय चौऱ्याहत्तर, बीपीची गोळी चालू, एका कानानं कमी ऐकू येतं, आणि मार्क बहुतेक ठिकाणी चार. बावीस नंबरचा प्रश्न होता, मित्रांकडून मिळणाऱ्या आधाराबद्दल किती समाधानी आहात. माझा आकडा दोन. आप्पांनी बसल्या जागेवरनं मोठ्यानं सांगितलं, "पाच लिव्ह."

आप्पांचं सगळं आयुष्य गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलंय असं म्हटलं तरी चालेल. पहाटे उठायचं, टोपी घालायची, कट्ट्यावर म्हैस उभी असते तिची धार थेट ग्लासात घ्यायची, फेसासकट, आणि मग तासभर गप्पा. पाच जणांचा कंपू, तीस-पस्तीस वर्षांचा. पैलवान काका, मास्तर, टेलर काका, एक एसटीतून रिटायर झालेले आणि आप्पा. 22 मार्च 2020 ला रविवारी जनता कर्फ्यू झाला, त्या दिवशी एक दिवसाचं काय म्हणून सगळे घरात बसले, संध्याकाळी थाळ्या वाजवल्या. पण 25 तारखेपासून 21 दिवसांचा लॉकडाऊन लागला आणि आप्पा बदलले. जेवायचे कमी, बोलायचे त्याहून कमी. पहाटे उठून टोपी घालून दाराच्या आतच उभं राहायचे. मी त्यांना पाठमोरं बघायचो आणि काय करावं ते सुचायचं नाही, खरं सांगायचं तर मीच तेव्हा आजाराच्या आकड्यांत बुडालो होतो. रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर जिल्ह्याचा आकडा यायचा, कुठल्या तालुक्यात किती, ते बघितल्याशिवाय घास उतरायचा नाही आणि बघितल्यावरपण उतरायचा नाही. दुधाची पिशवी साबणानं धुवायची, भाजी मिठाच्या पाण्यात, दाराची कडी सॅनिटायझरनं, आणि एवढं करून रात्री तीन वाजता डोळे उघडेच. पोराच्या ऑनलाईन क्लासवरनं त्याच्यावर इतका ओरडलो एकदा की तो दोन दिवस माझ्यासमोर आला नाही. ते अजून सलतं.

एप्रिलात एका पहाटे आप्पा म्हणाले, "पैलवानाला फोन लाव." लावला. मग म्हणाले, "मास्तरलापण घे की ह्यातच." मी कॉन्फरन्स करून एकेकाला जोडत गेलो, पाचही जण एका फोनवर आले आणि पहिलं मिनिटभर कुणीच काही बोललं नाही, नुसते खोकले आणि श्वास ऐकू येत होते. मग पैलवान काकांचा आवाज आला, "काय रं, आज म्हस कुणाची हाय?" आणि आप्पा हसले. महिन्याभरानं हसले.

तिथनं रोज पहाटे पावणेसहाला मी फोन लावून द्यायचो. आप्पा टोपी घालून, तांब्यात गरम दूध घेऊन गच्चीवर खुर्चीत बसायचे, जणू कट्ट्यावरच चाललेत. विषय तेच, कुणाच्या पोराचं काय, उसाचं बिल आलं का, जोतिबाची चैत्र यात्रा नाही म्हणजे काय, असं कधी झालं होतं काय. मग आप्पा त्यांच्या आज्जीनं सांगितलेलं प्लेगाचं सांगायचे, गाव सोडून शिवारात झोपड्या घालून माणसं कशी राहिली, आणि शेवटी परत घरला आली. ते परत आल्याचं वाक्य ते रोज सांगायचे असं मला आठवतंय.

भाचीला मी प्रश्नावलीच्या त्या फोनवर विचारलं होतं, ह्या सगळ्याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात. ती म्हणाली, लॅझरस आणि फोकमन म्हणून दोघांनी 1984 च्या पुस्तकात मांडलंय, संकटात माणूस दोन प्रकारे वागतो, एक म्हणजे अडचणीलाच हात घालायचा आणि दुसरं म्हणजे अडचणीमुळं मनात जे होतं ते सांभाळायचं. जिथं आपल्या हातात काही असतं तिथं पहिलं जास्त उपयोगी, जिथं नसतं तिथं दुसरं. आणि खरा त्रास कुठं होतो, तर हातात नसलेल्या गोष्टीवर माणूस पहिला प्रकार करत बसतो तिथं. माझ्या डोळ्यापुढं ते रोजचे आकडे आले.

2021 च्याच मे महिन्यात, प्रश्नावलीच्या आधी, मेव्हण्याचा ऑक्सिजन 86 वर आला होता. रात्री अकरा ते तीन मी आणि बायको दोन मोबाईल घेऊन बेड शोधत होतो, कुठं फोन उचलत नव्हते, कुठं उचलून नाही म्हणत होते, कुठं अ‍ॅडमिशनआधीच एवढा आकडा सांगितला की बायकोच्या हातातला पेन खाली पडला. शेवटी मिळाला एक. ती रात्र भयंकर होती, पण त्या रात्री मी शुद्धीवर होतो, काय करायचं ते कळत होतं. पुढचे एकोणीस दिवस नुसती वाट बघणं, ते जास्त कठीण गेलं. भेटायला जाता येत नाही, दिवसातनं एकदा फोन, "स्टेबल आहे" एवढंच.

त्या एकोणीस दिवसांत बायकोनं चटणी केली. दरवर्षी उन्हाळ्यात करतेच, पण त्या वर्षी कांडप बंद, म्हणून मिक्सरवर, थोडी थोडी. ब्याडगी आणि जवारी मिरची गच्चीवर वाळवली, खोबरं भाजलं, तीळ, धणे, लसणाचा तर नुसता ढीग, मी आणि पोरगा समोरासमोर बसून सोलत होतो. त्याच्याशी मी परत नीट बोलायला लागलो ते तिथं, लसूण सोलताना. नखं चुरचुरायची, डोळ्यांतनं पाणी यायचं आणि कशानं येतंय ते कुणी विचारत नव्हतं. सहा घरांची चटणी केली तिनं. कडक बंद होता, दूध आणि औषधं सोडून सगळं बंद, तर दूधवाल्या पोराच्या हातनं पिशव्या पोचवल्या, दाराच्या कडीला अडकवून यायचा बिचारा. पाचव्या दिवसापासनं रिकाम्या पिशव्या परत यायला लागल्या, कुणी त्यात लिंबं घातलेली, कुणी कढीपत्ता. मेव्हणा घरी आला तेव्हा पहिल्या जेवणात त्यानं ती चटणी मागितली, डॉक्टरांनी तिखट नको म्हटलं होतं तरी बायकोनं बोटभर वाढली.

माझं मत आता पक्कं झालंय. आमच्या गावाला संकट नवीन नाही. 2019 च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी होतं, तालमीतली पोरं न बोलावता आली, फ्रीज खांद्यावर घेऊन जिना चढली, दीडशे माणसांचा भात एका चुलीवर झाला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे इथल्या लहान पोरालापण माहीत असतं, आणि पाणी वाढलं की माणसं जवळ येतात, तोच आमचा उपाय. कोरोनानं नेमका तोच उपाय काढून घेतला. योगा करा, छंद जोपासा, पॉझिटिव्ह राहा असले मेसेज दिवसाला पन्नास यायचे, ते चुकीचे होते असं नाही, पण ते सगळे एकट्यानं करायचे उपाय होते आणि आम्हाला एकट्यानं सावरायची सवयच नाही. आप्पांना फोनवरचा कट्टा सापडला, बायकोला कडीला अडकवलेली पिशवी. मला त्या जूनपर्यंत काहीच सापडलं नव्हतं, म्हणून माझे मार्क तसे.

पुढच्याच महिन्यात, 22-23 जुलैला, परत पूर आला. हायवे शिरोलीजवळ बंद, माझं काम बंद. मास्क लावून तालमीतल्या पोरांबरोबर तीन दिवस लोकांचं सामान वर चढवलं, कमरेएवढ्या पाण्यात. हे लिहिताना जड जातंय कारण त्याच पाण्यात किती जणांचे संसार गेले, पण पहिल्या रात्री ओल्या कपड्यांत गच्चीवर आडवा झालो आणि थेट सकाळी उठलो. सोळा महिन्यांत पहिल्यांदा. शेजारी माणूस होता, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला, बाकी काही बदललं नव्हतं.

मास्तर मात्र राहिले नाहीत. मे महिन्यातच गेले, मेव्हणा दवाखान्यात असतानाच. शेवटचं बघायलापण कुणाला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आप्पांना विचारलं, आज लावू का फोन. म्हणाले, "लाव की. त्येंची पोरं उठल्यात का बघूया." चौघं जण त्या दिवशी मास्तरांच्या मुलाला लाईनवर घेऊन बसले, तासभर, तो रडत होता आणि हे चौघं म्हातारे मधूनमधून नुसतं "हं" म्हणत होते. भाचीनं विचारलेले दोन आठवडे म्हणजे त्याच्या नंतरचे लगेचचे. तरी आप्पांनी बावीस नंबरला पाच दिला. मी नंतर विचारलं होतं, आप्पा, मास्तर गेले आणि पाच कसा? तर म्हणाले, "अरं, तीन माणसं पहाटं माझ्या फोनची वाट बघत्यात."

आता कट्टा सुरू आहे, म्हशी आहेत, गर्दीपण आहे. पण आप्पांचे गुडघे गेले, टेलर काका पोराकडं पुण्याला गेले, त्यामुळं फोन काही बंद झाला नाही. चौघं आहेत, मास्तरांचा मुलगा रविवारी येतो लाईनवर.

वही परत कप्प्यात ठेवली, पावती अजून सापडलेली नाही. उद्या पैलवान काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यांना सातला निघायचंय म्हणून फोन सव्वापाचलाच लावायला सांगितलाय. गजर लावून झोपतो.