सदऱ्यावरून हृदयाची वीज

गेल्या वर्षी आईला दोन दिवस होल्टर, म्हणजे छातीला चिकटवलेल्या पट्ट्यांमधून हृदयाच्या विजेचा सतत आलेख घेणारे छोटे यंत्र, लावले होते. ते काढताना ऐंशीच्या घरातली तिची पातळ कातडी चिकटपट्टीबरोबर सोलवटून निघाली आणि पुढे आठवडाभर मी त्या लाल चट्ट्यांना खोबरेल तेल लावत होते. कातडीला काहीही न चिकटवता हा आलेख मिळवता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसला.

चेहऱ्याच्या रंगातील सूक्ष्म बदलांवरून कॅमेराही नाडी मोजतो. परंतु तो रक्ताची लाट दाखवतो, हृदयातील वीज दाखवत नाही, आणि मला वीजच हवी होती. कातडी, मधले कापड आणि त्यावर टेकवलेली तांब्याची चकती मिळून एक कपॅसिटर, म्हणजे मध्ये विद्युतरोधक थर असूनही बदलती वीज पलीकडे पोहोचवणारी रचना, तयार होतो. या गुणधर्माचा उपयोग करणारे, जेल न लागणारे इलेक्ट्रोड (कातडीवरची वीज टिपणाऱ्या चकत्या) लोपेझ आणि रिचर्डसन या संशोधकांनी 1969 साली मांडले होते. अडचण आहे ती आकड्यांची. 3 सेंटीमीटर व्यासाची चकती अर्धा मिलिमीटर जाडीच्या सुती कापडावर ठेवली, तर धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) जेमतेम 20 पिकोफॅरड भरते आणि 1 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला एक आवर्तन असलेल्या विजेला, तिचा अवरोध सुमारे 8 अब्ज ओहम होतो. कातडीवर मुळात असतो तो साधारण 1 मिलिव्होल्ट. संकेत मोठा करणाऱ्या अॅम्प्लिफायरचा प्रवेशरोध (आत शिरणाऱ्या विजेला तो करतो तो रोध) या अवरोधाच्या कितीतरी पट नसेल, तर तोही वाटेतच विरून जातो. सर्किट बोर्डावर राहिलेला सोल्डरिंगच्या रोझिनचा (राळेचा) पुसट थर किंवा बोटाचा ठसासुद्धा इथे गळतीला पुरतो. म्हणून मी अॅम्प्लिफायरची प्रवेशाची पिन बोर्डावर न टेकवता वर वाकवून हवेत अधांतरी ठेवली आणि चकतीची तार थेट तिलाच जोडली.

आरामखुर्चीच्या पाठीला दोन चकत्या बांधून आईला बसवले, तेव्हा पडद्यावर फक्त घरातल्या विजेचा 50 हर्ट्झचा जाड पट्टा दिसला. बैठकीखाली एक मोठा पत्रा ठेवून त्यातून हाच गोंगाट उलटा करून शरीराकडे परत पाठवल्यावर तो पट्टा बारीक झाला आणि त्यातून क्यूआरएसची, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या उंच लहरीची, टोके एकामागून एक वर आली. तिच्या सुती ब्लाउजवरून, घामाने कापड किंचित दमट झाल्यावर, ती अधिकच स्पष्ट झाली. मात्र सिंथेटिक साडीचा पदर पाठीमागे जरासा सरकला, की त्यावरील स्थिर विद्युतभाराने रेषा पडद्याबाहेर फेकली जात असे.

या आलेखात पी लहर (क्यूआरएसच्या आधीची छोटी लहर) बहुतेक वेळा हरवते आणि एसटीच्या (क्यूआरएसच्या लगेच नंतरच्या भागाच्या) चढउतारावर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे छातीत दुखत असेल तर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडचाच ईसीजी काढायला हवा, याबाबत माझ्या मनात शंका नाही. परंतु दोन ठोक्यांमधले अंतर खुर्चीतला आलेख नीट देतो, आणि आईच्या बाबतीत पाहायचे आहे ते नेमके तेच, कारण तिची लय मधूनच बिघडते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत पूर्ववत होते. संध्याकाळी ती तासभर याच खुर्चीत निवडण-टिपण करत बसते. सध्या मी चकत्या पाठीच्या उशीच्या सुती अभ्र्याच्या आतून शिवते आहे, म्हणजे पदर सावरून बसण्यापलीकडे तिला वेगळे काही करावे लागणार नाही.