मागे जायचं बटण

बाबांनी पंधरा वर्षं स्कूटर चालवून मोटरसायकल घेतली, तेव्हा मी दहावीत होतो. चेतकचे गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबायचा, मूठ पिरगाळायची, निघायचं. मोटरसायकलचे गिअर डाव्या पायाशी. कर्वे रस्त्यावर सिग्नल सुटला की बाबांचं डावं मनगट आपसूक फिरायला बघायचं, मूठ काही जागची हलायची नाही, आणि मागच्यांचे हॉर्न सुरू व्हायचे. मग "हो हो, थांबा" असं पुटपुटत पाय कामाला लागायचा. मी मागच्या सीटवर बसून फिदीफिदी हसायचो.

त्याची परतफेड आता चालू आहे. माझ्या बाबतीत मनगटाऐवजी अंगठा आहे, एवढाच फरक.

२०११ पासून मी अँड्रॉइडवाला. पहिल्या फोनवर जिंजरब्रेड होतं. तेव्हा दर नव्या आवृत्तीला मुळाक्षरांच्या क्रमाने गोडाधोडाचं नाव मिळायचं: किटकॅट, लॉलीपॉप, मार्शमेलो. 'पी'ची पाळी आली तेव्हा मला पुरणपोळीची फार आशा होती; निघाला विलायती 'पाय'. निदान 'एस'ला श्रीखंड ठेवतील म्हणून धीर धरला, तर २०१९ मध्ये नुसतंच 'अँड्रॉइड १०' आलं आणि पंगत उठली. त्याच दहा नंबरात खालची बटणं काढून कडेवरून बोट ओढायची नवी रीत आली. मी सेटिंगमध्ये जाऊन तीन बटणं परत आणली. त्यातलं मागे जायचं बटण मला हवंच होतं. सॅमसंगच्या फोनवर ते उजवीकडे असायचं, बाकी बहुतेकांवर डावीकडे. एवढा बदल अंगठ्याने सोसला होता. पण ते होतं. कुठेही गेलात, काहीही चुकून उघडलंत, तरी खाली एक टिचकी मारली की आधीच्या जागी. बिनचूक.

यंदा माझ्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकायला लागली आणि त्याच सुमारास भाचीने नवा फोन घेतला. तिचा आयफोन १५ माझ्या हातात ठेवत ती म्हणाली, "मामा, घे. फुकट आहे, आता तरी नाही म्हणू नकोस." फुकट म्हटल्यावर निष्ठा वगैरे कुठे राहते!

आयफोनला मागे जायचं बटण नाही. २००७ च्या पहिल्या आयफोनलाही नव्हतं. खाली एकच गोल बटण होतं, थेट घरी नेणारं, आणि आयफोन टेनपासून तेही जायला लागलं. मग मागे जायचं कसं? कुठे डाव्या कडेवरून बोट ओढायचं. कुठे वरच्या कोपऱ्यातला बारीक बाण दाबायचा, म्हणजे अंगठा पोचत नाही तिथे. कुठे फुली असते. कुठे सगळं पानच खाली ओढून टाकायचं. एका ॲपमधून दुसऱ्यात गेलात, तर घड्याळाजवळ मुंगीएवढ्या अक्षरांत आधीच्याचं नाव येतं, ते टिपायचं. एकाच वाड्याच्या प्रत्येक खोलीला वेगळ्या तऱ्हेची कडी. पहिले आठ दिवस माझा अंगठा फोनच्या तळाशी रिकाम्या जागेवर टकटक करत होता. भाची म्हणाली, "अरे मामा, दार वाजवतोयस का? कडेवरून ओढ!"

सामान हलवण्याची कथा वेगळीच. व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पा अँड्रॉइडवरून आयफोनवर नेता येतात, २०२२ पासून. पण त्या वेळी आयफोन कोरा लागतो. मी एक अख्खी दुपार खपून तो सजवला, वॉलपेपर लावला, आणि मग ही अट वाचली. सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून. सोडूनही दिलं असतं, पण त्या गप्पांत आईचे दीड-दीड मिनिटांचे आवाजी निरोप आहेत. त्यातली पहिली वीस सेकंदं "हॅलो... हॅलो... होतंय का गं रेकॉर्ड?" यातच जातात. ते कसे टाकायचे? यूपीआयचं मात्र काही हललं नाही. ते फोनला आणि सिमला धरून असतं, त्यामुळे एसेमेस पाठवून नव्याने नोंदणी. त्या दिवशी भाजीवाल्या मावशींना रोख दिले, तर त्यांनीच विचारलं, "काय, नेट गेलं का?"

खरी फजिती मराठीने केली. नव्या कीबोर्डवर अक्षरांच्या जागा वेगळ्या, आणि तो नुक्तावाला 'ऱ' काही केल्या दिसेना. साधा 'र' घेऊन त्याला 'य' जोडला की रफार होतो. गणपतीत सोसायटीचा महाप्रसाद झाला, हिशेब माझ्याकडे होता. मी ग्रुपवर घाईघाईत लिहिलं, "आचार्यांना दहा हजार दिले, बाकी उद्या." दोन मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरून उत्तर, "कोणत्या मठाचे?" पाठोपाठ दुसरं, "आचार्यांच्या हातची जिलबी मात्र उत्तम." संध्याकाळपर्यंत आमच्या आचाऱ्याला पीठ, शिष्यगण आणि उत्तराधिकारी सगळं मिळालं होतं. 'ऱ' सापडायला आणखी दोन दिवस लागले.

आता बरंच जमतं. फोटो छान येतात, बॅटरी रात्रीपर्यंत टिकते, अंगठाही बराचसा कडेला सरकलाय.

फक्त गजर आले नाहीत. फोटो आले, नंबर आले, गप्पा आल्या, पण पहाटे पाच चाळीसचा 'मोटर' नावाचा गजर जुन्या फोनमध्येच राहिला. आमच्याकडे पाणी त्याच वेळेला येतं आणि वरच्या टाकीची मोटर लावायचं काम माझं. नव्यात गजर लावायला अर्धं मिनिटही लागणार नाही, हे मला माहीत आहे. पण नव्याचा आवाज अजून ओळखीचा नाही. परवा दुपारी लावून पाहिला, तर कूस बदलून झोपलो. त्यामुळे सिम नसलेला जुना फोन अजून उशाशी असतो. आयफोन १५ ला सी-टाईप असल्यामुळे दोघांना एकच केबल चालते. रात्री आधी जुन्याला लावतो. तो बंद पडला तर अख्ख्या बिल्डिंगला पाणी नाही.