सेरेसवरचा मुकादम

आम्ही टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा रोल-प्लेइंग गेम खेळतो, आणि त्यातली आमची लांबत जाणारी साय-फाय गोष्ट, म्हणजे कॅम्पेन, सेरेसवर चालते. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातलं हे सगळ्यात मोठं जग, व्यास साधारण ९४० किलोमीटर, पोटात बर्फ. तो बर्फ काढून जहाजांना पाणी विकणारी एक वस्ती मी तिथं वसवली. खेळणारे चौघं, सगळे लातूरचे. दर रविवारी दुपारी आमच्या वरच्या खोलीत बसतो. गेम मास्टर मी, म्हणजे त्या चौघांची पात्रं सोडली तर वस्तीतला प्रत्येक माणूस माझ्या तोंडून बोलणार. या पात्रांना एनपीसी म्हणतात, आणि माझं घोडं तिथंच अडलं होतं.

आम्ही १९७७ साली आलेला 'ट्रॅव्हलर' खेळतो. त्यात दोन फासे टाकून पात्राची ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शिक्षण आणि समाजातलं स्थान ठरतं. मी चौदा एनपीसींसाठी हे सगळे फासे टाकले, वर प्रत्येकाचा दीड पान इतिहास लिहिला. तीन आठवडे गेले. पहिल्याच सेशनला एकानं बंदरावरच्या अधिकाऱ्याला विचारलं, "साहेब, आम्हाला कामून अडवलंय?" मी वही चाळायला लागलो. तो कुठं शिकला, कोणत्या लढाईत होता, सगळं सापडलं. आज, या घडीला त्याला काय पाहिजे, ते कुठंच नव्हतं. प्रसंग तिथंच बसला.

वाट सापडली ती मामाच्या गावी, बीड जिल्ह्यात. दिवाळीनंतर तिथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'एक कोयता' म्हणतात, आणि मुकादम किती कोयते जमवतो त्यावर त्याचा सगळा व्यवहार. त्यानं आधी कारखान्याकडून पैसे घेतलेले असतात, त्यातूनच जोड्यांना उचल दिलेली असते. एखादी जोडी फिरली तर तो मधल्यामध्ये दाबला जातो. मामाच्या ओट्यावर बसलेला तसा एक माणूस मी तासभर ऐकला. त्याला काय पाहिजे आणि कोणाचं देणं आहे, हे त्याच्या दर वाक्यात होतं.

घरी येऊन चौदाच्या चौदा इतिहास बाजूला ठेवले आणि पत्त्याएवढी कार्डं कापली. एका माणसाला तीनच ओळी: आज काय पाहिजे, देणं कोणाचं, बोलताना हात काय करतात. फासे आता फक्त पहिल्या भेटीला टाकतो. छत्तीसपैकी सहा वेळा बेरीज सात येते, तेव्हा माणूस ना गोड ना कडू वागतो. दोन किंवा बारा छत्तीसात एकेकदाच, म्हणून तसं आलं की सगळे सावरून बसतात. शिवाय वीस नावं आधीच लिहून ठेवतो. प्लेअर नाव विचारणार ते नेमकं कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोऱ्याचं, हे ठरलेलंच.

ऑक्सिजन वाटणारी बाई मला आमच्या गल्लीतच मिळाली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात टँकरपुढच्या घागरींवर खडूनं नंबर टाकणाऱ्या एक काकू होत्या. सेरेसवर त्याच काकू ऑक्सिजनच्या दाराशी खडू घेऊन उभ्या आहेत.

आणि मुकादम. सेरेसवर सत्तर किलोचा माणूस जेमतेम दोन किलोचा भरतो, जोरात पाय आपटला तरी उंच उडतो. म्हणून हा बोलता बोलता समोरच्याला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचा हूक ओढून बघतो, भांडताना सुद्धा. बर्फ तापवून ड्रिलनं काढतात, पण जोडीला तिथंही 'कोयता'च म्हणतात. परवा आमच्या इंजिनिअरनं एका जोडीची उचल फेडायला पैसे पुढं केले. मी त्याच्या पट्ट्याकडं हात नेला आणि म्हणालो, "पैसे घेतो, दादा. पण कोयता कमी झाला तर बर्फ कोण काढंल? कारखान्याला मी काय तोंड दाखवू?"

कोणीच काही बोललं नाही. मग चौघं आपसात अर्धा तास भांडले. त्यांना मुकादम खलनायक वाटायचा थांबला होता आणि जोडीला सोडवायचंही होतं. शेवटी त्यांनी जहाजाचं इंधन गहाण टाकून दोघांना मोकळं केलं.

रात्री मी मुकादमाच्या कार्डावरची दुसरी ओळ खोडली. आता तो या चौघांचं देणं लागतो.