जिप्सीच्या कॉम्प्युटरचं फर्मवेअर बदललं

काल पहाटे पाचलाच हिंगण्याच्या शेडमध्ये बसलो. मे महिन्यात नागपुरात दहानंतर बॉनेटला हात लावायची सोय नसते. माझ्या १२९८ सीसी जिप्सीत मेगास्क्वर्ट-२ आहे, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणारा इंजिनाचा कॉम्प्युटर. त्यातला जुना कोड काढून एमएस२/एक्स्ट्रा हे दुसरं फर्मवेअर टाकलं.

फ्लॅश करण्याआधी, म्हणजे नवा कोड चढवण्याआधी, इग्निशन कॉइल आणि इंजेक्टर, दोन्हींचे कनेक्टर काढून ठेवले. यात घाई नकोच. जुन्या सेटिंग नव्या कोडात जशाच्या तशा येत नाहीत. स्पार्क आउटपुट, म्हणजे कॉइलला जाणारा सिग्नल, उलटं पडलं, तर इंजिन बंद असतानाही कॉइलमधून करंट वाहत राहतो आणि काही मिनिटांत ती हात लावू देत नाही. माझी एक कॉइल अशीच गेली होती, ते अजून लागून आहे.

शेजारचे वायरिंगवाले काका म्हणाले, "भाऊ, आधी टायमिंग लाइट लाव, मंग गाडी फिरव." कॉम्प्युटरमध्ये टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, १० अंशांवर फिक्स केलं, तर लाइटखाली पुलीवरची खूण ७ वर! ट्रिगर ऑफसेट, म्हणजे हा फरक भरून काढणारी सेटिंग, सरकवून जुळवलं.

आता हवेच्या तापमानाचं करेक्शन राहिलंय. ते भर दुपारीच बघणार, कारण उभ्या गाडीत सेन्सर बॉनेटखालीच तापतो, कॉम्प्युटर हवा विरळ समजून पेट्रोल कमी देतो आणि मिश्रण लीन होतं.